चिझु म्हणजे नकाशा : इनो तादाताका यांची गोष्ट



भूगोलाच्या तासाला सातवीतल्या एका मुलाने विचारलं, की नकाशाला जपानी भाषेत काय म्हणतात. जपानी कार्टून बघून बघून या पठ्ठ्याने पाचपन्नास शब्द उचलले आहेत. मला काही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शोधून फळ्यावर लिहिलं : चिझु. मुलांनी दोनदा मोठ्याने म्हटलं, वहीत उतरवलं, विषय संपला. दहा सेकंदांचं काम. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. मुलांच्या हातात डबा दिला खरा, पण आत काहीच भरलं नाही.

म्हणून आधी तो शब्दच उघडून बघितला. चिझु हा शब्द जपानी लोक दोन चिन्हांनी लिहितात. पहिलं चिन्ह चि, म्हणजे भूमी. त्याच्या डाव्या अंगाला मातीची खूण असते. दुसरं चिन्ह झु, म्हणजे आकृती. ते दिसतं पण तसंच : एक चौकट आणि आत काही रेघा, दोन ठिपके. भूमी आणि आकृती, झाला नकाशा. आता हा चि एकदा हाताशी आला की मुलांना पुढचे शब्द फुकटात मिळतात. चिमेई म्हणजे गावाचं, जागेचं नाव. चिकातेत्सु म्हणजे जमिनीखालची रेल्वे. चिरी म्हणजे भूगोल हा विषय. आणि चिक्यू म्हणजे पृथ्वी. शब्दशः अर्थ भूमीचा गोळा. आपला भूगोल हा शब्द तरी वेगळं काय सांगतो? फरक एवढाच की आपण तो विषयाला चिकटवला आणि जपान्यांनी ग्रहाला. झु कडे वळलात तर झुको, म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेतला चित्रकला-हस्तकलेचा तास.

पण खरी गंमत या दोन चिन्हांच्या मधल्या जागेत आहे. चि तर आपल्या पायाखाली आहे. तिची झु होते कशी? कोणी केली, किती वर्षं लागली, खर्च कोणी दिला? जपानपुरतं याचं उत्तर एका माणसापाशी येऊन थांबतं. त्याचं नाव इनो तादाताका. (इनो हे आडनाव. जपानीत आडनाव आधी येतं, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.) जपानमध्ये हे नाव शाळकरी पोरांनाही माहीत असतं. आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, म्हणून आज त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. तुम्ही ती तुमच्या पद्धतीने वर्गात किंवा घरी सांगा.

सन १७४५. आजच्या चिबा प्रांतात, पॅसिफिकच्या काठी कुजुकुरी नावाचा लांबलचक वाळूचा किनारा आहे. तिथल्या कोझेकी गावात हा मुलगा जन्मला. सहा-सात वर्षांचा असताना आई गेली. वडील त्या घरचे घरजावई होते, ते आपल्या मूळ घरी परतले. पोरगं मात्र आजोळीच राहिलं आणि काही वर्षांनी वडिलांकडे गेलं. थोडक्यात, हक्काचं असं घर नाही. सतरा वर्षांचा झाल्यावर १७६२ मध्ये त्याला सावारा गावच्या इनो घराण्यात दिलं. दिलं असंच म्हणायचं, कारण तोही वडिलांसारखा घरजावई झाला. बायको मिची ही त्या घरची विधवा लेक, वयाने त्याच्याहून चार वर्षांनी मोठी.

सावारा हे तोने नदीच्या खोऱ्यातलं नांदतं व्यापारी गाव. नदीतून नावा भरून धान्य एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जायचं. इनो घराण्याचा साके बनवण्याचा आणि धान्याचा मोठा व्यवसाय होता, पण कर्ता पुरुष नसल्यामुळे घडी विस्कटली होती. या परक्या पोराने ती बसवली. तीस-बत्तीस वर्षं तो चोख व्यापारी होता, पुढे गावचा मुखियाही झाला. नदीला पूर आला की बांध फुटायचे. मग डागडुजी, जमिनीची मोजमापं, गावकऱ्यांची भांडणं, सगळं मुखियाच्या गळ्यात. मोजणीशी त्याची पहिली ओळख इथलीच, चिखलात उभं राहून झालेली.

१७८३ साली आसामा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या दशकात जपानवर मोठा दुष्काळ पडला आणि माणसं अक्षरशः हजारोंनी मेली. तादाताका यांनी तांदूळ साठवून ठेवला होता. तो आणि पदरचा पैसा त्यांनी गावाला वाटला. सावारात उपासमारीने कोणी दगावलं नाही, असं सांगतात. पुण्यकर्म म्हणून मी हा प्रसंग सांगत नाही. पुढे जे घडलं त्याची तयारी इथे दिसते : हिशेब पक्का, साठा पक्का, आणि खर्चायची वेळ आली की हात आखडायचा नाही.

आता गोष्टीचा मुख्य भाग. १७९४ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी कारभार मुलाच्या हाती दिला. पुढच्या वर्षी एदोला जाऊन फुकागावा भागात बिऱ्हाड केलं. कशासाठी? तर खगोलशास्त्र शिकण्यासाठी. त्या काळात पन्नाशी म्हणजे उतारवयच. शेजारच्यांनी काय म्हटलं असेल याची कल्पना तुम्हीच करा.

गुरू कोण? ताकाहाशी योशितोकी. शोगूनच्या खगोल कचेरीत पंचांग सुधारण्यासाठी ओसाकाहून मुद्दाम बोलावून घेतलेला विद्वान. वय एकतीस. शिष्य पन्नास वर्षांचा आणि गुरू त्याच्याहून एकोणीस वर्षांनी लहान! पण गुरुजी म्हटल्यावर गुरुजी. तादाताका यांनी कधी वय मध्ये आणलं नाही. यंत्रं करवून घेतली, राहत्या घरीच छोटी वेधशाळा थाटली, आणि आकाश निरभ्र असेल त्या रात्री तारे मोजत बसायचे. पैसा होता आणि वेळही होता. (मित्रांनो, निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न आपल्या शिक्षक खोलीत रोज निघतो. मी त्यावर काही बोलत नाही.)

गुरु-शिष्यांना एक प्रश्न छळत होता : अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर किती अंतर? हे मुलांना असं समजावता येतं. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, तो त्या जागेचा अक्षांश. उत्तरेकडे चालत जा, तारा वर वर सरकतो. बरोबर एक अंश वर सरकेपर्यंत तुम्ही किती चाललात ते मोजा आणि ३६० ने गुणा, म्हणजे पृथ्वीचा घेर मिळाला. घरबसल्या पृथ्वी मोजता येत नाही, पण चालून येते.

तादाताका यांनी लगेच आपलं फुकागावाचं घर आणि आसाकुसाची सरकारी वेधशाळा यांमधलं अंतर पावलांनी मोजलं, दोन्ही ठिकाणचे अक्षांश घेतले आणि उत्तर काढून गुरूंपुढे ठेवलं. गुरूंनी ते बाजूला सारलं. एवढ्याशा अंतरावरून काढलेल्या उत्तराला अर्थ नाही, मोजण्यातली केसाएवढी चूक गुणाकारात डोंगराएवढी होते, असं त्यांचं म्हणणं. मोजायचं तर लांब जायला हवं, थेट एझोपर्यंत. एझो म्हणजे आजचं होक्काइदो, जपानचं उत्तरेचं बेट.

पण तिकडे उठून जाता येत नसे. शोगूनची परवानगी लागे, आणि पृथ्वीचा घेर मोजायचाय या कारणावर ती कोण देणार? इथे ताकाहाशींनी डोकं लढवलं. १७९२ मध्ये रशियाचा दूत लाक्समान एझोच्या किनाऱ्याला लागला होता आणि तेव्हापासून सरकार उत्तरेच्या बाजूने धास्तावलं होतं. आपल्याच किनाऱ्याचा धड नकाशा सरकारपाशी नव्हता. तेव्हा ताकाहाशींनी अर्ज केला तो नकाशाचा. आमचा माणूस एझोचा किनारा मोजून देईल, खर्चही बराचसा स्वतःच करील, असा तो प्रस्ताव. म्हणजे लक्षात घ्या, जपानचा तो जगप्रसिद्ध नकाशा सुरुवातीला निव्वळ निमित्त होता. मनात होतं ते एका अंशाचं माप.

१८०० सालच्या जून महिन्यात तादाताका निघाले. वय पंचावन्न. निघण्याआधी घराजवळच्या तोमिओका हाचिमान देवळात जाऊन पाया पडले. आज त्या आवारात त्यांचा पुतळा आहे, चालत्या पवित्र्यातला. बरोबर मुलगा, शिष्य, नोकर मिळून मोजकी माणसं. सरकारने दिलेली रक्कम तोकडी, बाकी पदरचं. मोहीम १८० दिवस चालली. वेळ कमी म्हणून पहिल्या खेपेला अंतर बहुतेक पावलांनीच मोजलं. त्यांनी पाऊल एकसारखं टाकायची सवय लावून घेतली होती. ते पाऊल ६९ सेंटिमीटरचं असे. दिवसभर मोजत चालायचं आणि रात्री अभ्र नसेल तर तारे बघायचे. एझोमध्ये त्यांची मामिया रिन्झो या तरुणाशी गाठ पडली. तो पुढे शिष्य झाला आणि गुरूंना जिथे पोचता आलं नाही त्या उत्तरेकडच्या किनाऱ्याची मोजणी त्याने पुरी केली.

त्या मोहिमेचा नकाशा बघून सरकार खूश झालं आणि पुढची परवानगी मिळाली. दुसऱ्या मोहिमेपासून पावलांऐवजी दोरी आली. दोरी ओली झाली की ताणते-आकसते म्हणून पुढे लोखंडी साखळी आली. पद्धत ऐकायला अगदी साधी. किनाऱ्याच्या एका वळणावर बांबू रोवायचा, वर कागदाच्या पट्ट्यांचा झुबका म्हणजे लांबून दिसतो. दुसऱ्या वळणावर दुसरा बांबू. मधलं अंतर साखळीने, दिशा काठीच्या टोकाला बसवलेल्या होकायंत्राने. मग पुढचं वळण. लांबचा एखादा डोंगर दिसला तर वेगवेगळ्या बांबूंपासून त्याची दिशा घ्यायची, म्हणजे चूक साठत गेली असेल तर तिथे पकडता येते. रात्री पाव वर्तुळाच्या अंश कोरलेल्या यंत्राने ताऱ्यांची उंची, म्हणजे अक्षांशाची खातरजमा. यात अवघड असं काहीच नाही. अवघड आहे ते हे दुसऱ्या दिवशी परत करणं, आणि तिसऱ्या, आणि सतरा वर्षं.

एका अंशाचं उत्तर आलं २८.२ री. री हे जुनं जपानी माप; आपल्या हिशेबात सुमारे ११०.७५ किलोमीटर. तिथल्या अक्षांशांवरच्या आजच्या मापापेक्षा हे उत्तर हजारात जेमतेम दोन भागांनी कमी आहे. पण गुरूंना ते पटकन पटलं नाही आणि शिष्य चांगलाच नाराज झाला. पुढे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद यांच्या ग्रंथाचं डच भाषांतर ताकाहाशींच्या हाती आलं. त्यातला आकडा आणि शिष्याचा आकडा जुळला. दोघांनाही कोण आनंद झाला! ताकाहाशी त्या ग्रंथामागे रात्रंदिवस लागले. तब्येत आधीच नाजूक होती. १८०४ च्या सुरुवातीला, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते गेले. तादाताका तेव्हा साठीकडे झुकलेले.

जाता जाता आपल्याकडचं एक सांगतो, कारण काळ तोच आणि प्रश्नही तोच. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्यालाही अंशाची लांबीच हवी होती. तोही म्हातारपणापर्यंत चालतच राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या शिक्षकांना तर हा धडा दारातच सापडेल.

परत जपानकडे. शिष्य-गुरूंचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग राहायला नको, कारण थोरांच्या चरित्रातून तो बहुतेक वेळा गाळतात. १८०३ साली मोहीम इतोइगावा भागात होती. स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितलं की हिमे नदी भलती रुंद आणि धोक्याची आहे, मोजता येणार नाही. तादाताका यांनी जाऊन पाहिलं तर नदी सांगितली त्याच्या कितीतरी पटींनी अरुंद. ते खवळले आणि अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं. तिथल्या संस्थानाने एदोला तक्रार केली. तेव्हा हयात असलेल्या ताकाहाशींनी शिष्याला पत्र धाडून समज दिली, की अशा भांडणांनी सगळं कामच बंद पडेल. त्याच मोहिमेत कागा संस्थानातल्या लोकांनी गावांची नावं आणि घरांची संख्या सांगायलाच नकार दिला होता. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. आपल्या मुलखाची मोजणी दुसऱ्याच्या हाती जाणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. कोणी अनोळखी माणूस वहीपेन्सिल घेऊन आपल्या गल्लीतली घरं मोजू लागला, तर आपण तरी गप्प बसू का?

१८०४ मध्ये पूर्व जपानचा नकाशा शोगूनसमोर अंथरला गेला. साके विकणारा व्यापारी त्यानंतर सरकारी नोकर झाला आणि १८०५ पासून पश्चिम जपानची मोजणी सरकारी मोहीम म्हणून सुरू झाली. आता माणसं मिळाली, रस्त्यातल्या संस्थानांची मदत मिळू लागली. पण पाय आणि छाती त्यांचीच, वाढत्या वयाची. खोकल्याने ते बेजार असत. मुलगी इने हिला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलंय की दात जवळजवळ सगळे पडले, एकच उरलाय, आणि आवडीचं लोणचंही आता चावत नाही. या इनेची गोष्टही सरळ नाही. तिला आणि तिच्या नवऱ्याला तादाताका यांनी एकदा घराबाहेर काढलं होतं. नवरा वारल्यावर ती परत आली, आणि उतारवयात बापाचा आधार तीच झाली.

१८१३ हे साल फार वाईट गेलं. मोहीम क्युशूच्या पश्चिमेला गोतो बेटांवर होती. तिथे त्यांचा उजवा हात, उपप्रमुख साकाबे, आजारी पडून वारला. त्याच वर्षी तिकडे सावारात थोरला मुलगा गेला, ज्याच्या हाती घर सोपवून हे बाहेर पडले होते तोच. बाप दूर क्युशूत, मोजणी अर्धवट. मोजणी थांबली नाही. हे मी कौतुकाने लिहितोय का, माझं मलाच ठरवता येत नाही. तुमच्यातल्या कोणाला यात कठोरपणा दिसला तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

१८१६ पर्यंत दहा मोहिमा झाल्या. नवव्या मोहिमेला, इझूच्या बेटांवर, शिष्यांनी म्हाताऱ्या गुरूंना नेलं नाही. शेवटची मोजणी खुद्द एदो शहराची. एकूण चाललेलं अंतर सुमारे ४० हजार किलोमीटर धरतात. वरचा ११०.७५ चा आकडा ३६० ने गुणून बघा, किंवा मुलांना गुणायला लावा.

मग कागदावरचं काम सुरू झालं. ते चालू असतानाच १८१८ मध्ये तादाताका वारले, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. शिष्यांनी मृत्यू जाहीर केला नाही. नकाशा पुरा होईपर्यंत काम त्यांच्याच नावाने चालवायचं, असं ठरलं. देखरेखीला होते दिवंगत गुरूंचे चिरंजीव, ताकाहाशी कागेयासु. १८२१ मध्ये नकाशा सरकारदरबारी दाखल झाला, आणि मग लोकांना कळलं की करणारा तीन वर्षांपूर्वीच गेलाय.

नकाशाचं नाव लांबलचक आहे : दाइ निहोन एनकाइ योचि झेन्झु. दाइ निहोन म्हणजे महान जपान, एनकाइ म्हणजे समुद्रकिनाऱ्याने, योचि म्हणजे भूमी, जी गाडीसारखी सगळ्यांना वाहून नेते ती, आणि झेन्झु म्हणजे संपूर्ण आकृती. नीट बघा, योचितला चि आणि झेन्झुतला झु. आपला दहा सेकंदांचा शब्द त्यात बसलेला आहे.

मोठ्या प्रमाणावरचे २१४ तक्ते, १ : ३६,००० या मापाचे. मध्यम ८ आणि लहान ३. मोठे सगळे जोडून अंथरायचे तर आपल्या शाळेचं सभागृह पुरणार नाही. किनारा आणि मोजलेले रस्ते हुबेहूब. मात्र मोजलं नाही तिथे कागद कोरा. डोंगराच्या आतला मुलूख कल्पनेने भरायचा मोह त्यांनी टाळला. मला स्वतःला या नकाशातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे कोरे भाग. चुकाही आहेत, आणि त्या मुलांना जरूर सांगा. उत्तर-दक्षिण माप अचूक, कारण तारे साथीला होते. पूर्व-पश्चिम मात्र घसरलं, कारण रेखांशाला दोन ठिकाणची अचूक वेळ जुळवावी लागते आणि ते त्यांना जमलं नाही. शिवाय गोल पृथ्वी सपाट कागदावर आणण्याचा हिशेबही पुरता सुटला नव्हता. त्यामुळे होक्काइदो आणि क्युशू जागेवरून थोडी सरकलेली दिसतात.

एवढ्या कष्टांचा नकाशा शाळेशाळेत लागला असेल असं वाटतं ना? सरकारने तो कुलपात ठेवला. परक्याच्या हाती पडू नये म्हणून. जपानची दारं तेव्हा बाहेरच्यांना जवळपास बंद होती. १८२६ मध्ये नागासाकीच्या डच वखारीचा जर्मन डॉक्टर सीबोल्ट एदोला आला. त्याच्यापाशी रशियन दर्यावर्दी क्रुझेनश्टेर्नच्या सफरीचं पुस्तक होतं आणि उत्तरेच्या समुद्राची माहिती कागेयासुंना हवी होती. त्यांनी पुस्तकाच्या बदल्यात त्याला नकाशाच्या प्रती दिल्या. १८२८ मध्ये हे उघडकीला आलं. कागेयासुंना अटक झाली आणि पुढच्या वर्षी ते तुरुंगातच वारले. त्यांचं प्रेत मिठात घालून ठेवलं आणि खटला संपल्यावर त्या प्रेताला मृत्युदंड सुनावला. पुस्तक हवं असणारा एक अभ्यासू माणूस होता तो. सीबोल्टची देशातून हकालपट्टी झाली. तरी युरोपात परतल्यावर त्याने त्याच आधारावर जपानचा नकाशा छापला. कुलूप काही टिकलं नाही. १८६१ मध्ये इंग्रज आरमाराचं अ‍ॅक्टिऑन हे जहाज किनारा मोजायला आलं. त्यांना इनो नकाशाची प्रत दाखवली गेली तेव्हा त्यांनी किनारा नव्याने मोजायचा बेत सोडला आणि पाण्याची खोली मोजण्यापुरतं काम केलं.

आणि मूळ प्रती? सरकारची प्रत १८७३ च्या राजवाड्याच्या आगीत जळाली. इनो घराण्याने जपलेली प्रत तोक्योच्या विद्यापीठात ठेवली होती, ती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. भूकंपाला जपानी शब्द जिशिन, आणि त्यातला जि म्हणजे आपला चिच, फक्त उच्चार बदललेला. कित्येक दशकं पूर्ण संच कोणीच पाहिला नव्हता. मग २००१ मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, २१४ पैकी २०७ तक्त्यांच्या हाताने काढलेल्या नकला सापडल्या. परक्याला दिला म्हणून एकाचा जीव गेला, आणि राहिला तो परक्याच्याच घरी. तादाताका यांचे इतर कागद, यंत्रं आणि वह्या सावारात जपल्या आहेत. २०१० मध्ये त्यांना जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला.

तोक्योच्या उएनो भागात गेन्कु-जी नावाचं देऊळ आहे. आपल्याला गुरूंच्या शेजारी पुरावं, अशी तादाताका यांची इच्छा होती. एकोणीस वर्षांनी लहान असलेल्या त्या गुरूंच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.

मुलांना हे सगळं मी तीन तासांत सांगितलं. चौथ्या तासाला मैदानावर गेलो. १०० मीटरची रेघ आखली. पाऊल ६९ सेंटिमीटरचं असेल तर १४५ पावलं व्हायला हवीत. मी पहिल्यांदा चाललो तेव्हा १५१ झाली, परत येताना १५८. पोरं हसली. मग एकेक जण चालायला लागला. ज्याने मुळात प्रश्न विचारला होता, तो मधेच कोणाशी तरी बोलला, आकडा विसरला आणि परत रेघेच्या सुरुवातीला जाऊन उभा राहिला.